बेळगाव, चंदगड, पणजी : किराणा आणि जेवणाच्या बिलावरचा कर खरंच वेगळा असतो का?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं तुमचं कुटुंब महिन्याचा बाजार कधी बेळगावात करतं, कधी गडहिंग्लजला, आणि गोव्यात नातेवाइकांकडे गेलं की तिथंही खरेदी होते. जमवलेली बिलं समोर ठेवली तर तांदळावर एका ठिकाणी कर नाही, दुसरीकडे 5 टक्के आहे. जेवणाच्या एका बिलावर काहीच नाही, एकावर 5, आणि गोव्यातल्या एका बिलावर थेट 18 टक्के. मग कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिघांत कर जास्त कोणाचा, आणि हद्द ओलांडून खरेदी केली तर काही वाचतं का?

किराणा आणि जेवण या दोन गोष्टींपुरतं उत्तर स्पष्ट आहे. तिन्ही राज्यांत दर एकच आहेत. तुमच्या बिलांत दिसणारा फरक राज्यामुळे पडलेला नाही. माल कशात बांधलाय, हॉटेल कुठल्या प्रकारचं आहे आणि दुकानदार जीएसटीच्या कुठल्या योजनेत बसलाय, यांमुळे तो पडलाय. खाणाऱ्याच्या खिशाला हद्दीनं फरक पडत नाही. दुकानदाराला मात्र पडतो, आणि बराच पडतो. सीमाभागातल्या किराणा दुकानांची आणि हॉटेलांची खाती मी वर्षानुवर्षं बघतोय. त्यामुळे या दुसऱ्या भागावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

आधी हे सांगायला हवं की तुमचा समज चुकीच्या काळातला असला तरी निराधार नाही. 1 जुलै 2017 पूर्वी प्रत्येक राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, वेगळा होता. कर्नाटकात वरचा दर 14.5 टक्क्यांपर्यंत गेला होता, महाराष्ट्रात तो बरीच वर्षं 12.5 होता. धान्य, डाळी, गूळ, मिरची यांना कुठलं राज्य सूट देतं आणि किती मुदतीची, हे दर अर्थसंकल्पाला बघावं लागायचं. माल एका राज्यातून दुसऱ्यात गेला की केंद्रीय विक्रीकर आणि त्याचा सी फॉर्म आला. कर्नाटकात त्याशिवाय 1979 च्या कायद्याचा प्रवेश कर होता, आणि महाराष्ट्राच्या शहरांत आधी जकात, पुढे एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर. हॉटेलात व्हॅटच्या जोडीला सेवाकर असायचा. एसी हॉटेलात तो बिलाच्या 40 टक्के रकमेवर लागायचा, म्हणजे शेवटच्या काळात एकूण बिलाच्या 6 टक्के. त्या दिवसांत कर्नाटकातल्या निपाणीत जेवण आणि महाराष्ट्रातल्या कागलला जेवण, यांच्या करात खरोखर तफावत होती. हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर मालाचे ट्रक तासन् तास अडकायचे, ते अनेकांना आठवत असेल. जीएसटी आल्यावर व्यापारी कराचे ते नाके उठले.

आता तांदळाकडे येऊ, कारण तुमच्या बिलांतला सगळ्यात मोठा घोळ तिथंच आहे.

बेळगावच्या रविवार पेठेत पोत्यातून मोजून दिलेला तांदूळ, गहू, तूरडाळ, पोहे, चुरमुरे, ढेपेतून फोडून दिलेला गूळ यांवर कर शून्य. तोच माल छापील मजकुराच्या पाकिटात 25 किलोपर्यंतच्या वजनात असेल तर 5 टक्के. हा नियम 18 जुलै 2022 पासून आहे. त्याआधी कर नोंदणीकृत ब्रँडच्या मालावर होता, आता ब्रँड असो वा नसो, पाकीट आणि त्यावरचा मजकूर बघितला जातो. 25 किलोच्या वरचं एकच पोतं असेल तर पुन्हा शून्य. म्हणूनच 26 किलोचं पोतं बाजारात आलं. गिरणीवाल्यांनी एक किलो वाढवला आणि पोतं कराच्या बाहेर नेलं. त्यात बेकायदा काहीच नाही. मात्र दहा किलोच्या पाच पिशव्या एका मोठ्या गोणीत घातल्या तर ती गोणी 50 किलोची धरत नाहीत, आतल्या प्रत्येक पिशवीवर कर लागतो.

तेव्हा तुमच्या बेळगावच्या बिलावर बासमतीला कर नाही आणि गडहिंग्लजच्या बिलावर आहे, तर एक तांदूळ सुटा घेतला असणार आणि दुसरा पाकिटातला. उलट करून बघा, गडहिंग्लजला सुटा आणि बेळगावात पाकिटातला घ्या, कर बेळगावात दिसेल.

इथं गावातल्या दुकानदारांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. गिऱ्हाईक समोर उभं असताना मोजून कागदात बांधलं तर तो सुटा माल. पण दुपारच्या रिकाम्या वेळात अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या बांधून रॅकवर लावून ठेवल्या, तर वजनमाप कायद्याप्रमाणे तो आधीच पॅक केलेला माल होतो. त्यावर मजकूर छापणं बंधनकारक ठरतं आणि त्याबरोबर 5 टक्के करही येतो. पिशवीवर काही छापलं नाही म्हणून सुटका होत नाही. खेड्यापाड्यातले कितीतरी दुकानदार हे नकळत करतात. मला हा नियम मुळातच पटत नाही. ज्याच्याकडे एकदम पोतं घ्यायला पैसे आहेत त्याला कर नाही, आणि आठवड्याच्या पगारावर एक-एक किलोचं पाकीट घेणाऱ्याला आहे. पण नियम आहे तोवर दुकानदारानं तो पाळूनच चालावं.

काही माल असा आहे की तो सुटा घ्या वा पाकिटात, 5 टक्के आहेच : साखर, चहापत्ती, खाद्यतेल, हळद, वाळलेली मिरची आणि बाकीचे मसाले. म्हणून संकेश्वरी मिरची दुकानातून सुटी घेतली तरी पक्क्या बिलावर कर दिसतो, आणि हिरव्या मिरचीवर दिसत नाही. शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेली मिरची विकली तर त्याला नोंदणीचीच गरज नाही, त्यामुळे आठवडी बाजारात त्याच्याकडून घेतलेल्या वाळल्या मिरचीवरही बिलात कर येत नाही. भाजीपाला, अंडी, मीठ, पिशवीतलं दूध, पाव, सगळं शून्य. दह्याचं मात्र तांदळासारखंच आहे. घरगुती डेअरीत भांड्यात मापून घेतलेल्या दह्यावर कर नाही, नंदिनीचं किंवा गोकुळचं पाकीट घेतलं तर 5 टक्के. दोन्ही संघ दोन राज्यांतले आहेत, पण पाकिटावरचा दर दोघांना एकच.

तुमची काही बिलं जुनी असतील तर आणखी एक कारण आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दर बदलले. तूप, लोणी, चीज, पाकिटातलं फरसाण, बदाम-पिस्ते यांवर 12 टक्के होते, ते 5 झाले. बिस्किटं, केक, चॉकलेट आणि आइस्क्रीम 18 वरून 5 वर आले. पाकिटातलं पनीर आणि तयार चपाती-पराठा शून्यावर गेले. साखरेची फसफसणारी थंड पेयं 40 टक्क्यांत आहेत. म्हणजे ऑगस्ट 2025 चं बेळगावचं तुपाचं बिल आणि ऑक्टोबरचं कोल्हापूरचं बिल शेजारी ठेवलं, तर कोल्हापूर स्वस्त वाटेल. फरक तारखेचा आहे. बेळगावचा कुंदा हा मिठाईत मोडतो, त्यावर आधीही 5 होते आणि आताही 5 आहेत.

पराठ्याचं उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण जीएसटीत राज्या-राज्यांत फरक पडला तो अशाच ठिकाणी. दर कायद्यानं एकच असला तरी वस्तू कुठल्या रकान्यात बसते हे ठरवायला प्रत्येक राज्याचं अग्रिम निर्णय प्राधिकरण, म्हणजे व्यापाऱ्यानं अर्ज करून विचारलं की दर कुठला ते सांगणारी यंत्रणा, वेगळं आहे. तयार पराठा 5 टक्क्यांच्या रकान्यात बसतो, असं महाराष्ट्राच्या प्राधिकरणानं 2018 मध्ये म्हटलं. कर्नाटकच्या प्राधिकरणानं 2020 मध्ये बंगळूरच्या एका कंपनीच्या अर्जावर 18 टक्के सांगितले. चपातीला सवलत आणि पराठ्याला नाही, यावरून तेव्हा देशभर चर्चा झाली. असा निर्णय फक्त अर्ज करणाऱ्याला आणि त्याच्या अधिकाऱ्याला बांधील असतो, पण इतर अधिकारी तो वाचतात आणि व्यापारी धास्तावतात. 2025 च्या बदलात पराठा शून्यावर आला आणि तो वाद पुढच्या विक्रीपुरता तरी संपला.

आता जेवण.

साध्या हॉटेलात, एसी असो वा नसो, बसून खा किंवा पार्सल न्या, 5 टक्के. जुलै 2017 मध्ये सुरुवात बिगर-एसीला 12 आणि एसीला 18 अशी झाली होती. ती चारच महिने टिकली. 15 नोव्हेंबर 2017 पासून सगळ्यांना 5 केले आणि बदल्यात हॉटेलवाल्यांचं खरेदीवरचं क्रेडिट काढून घेतलं. हॉटेलवाला गॅस, तेल, भांडी, भाडं यांवर जो कर भरतो, तो त्याला परत मिळत नाही, पदार्थाच्या किमतीतच घालावा लागतो. त्यामुळे बिलावर 5 दिसले तरी त्या ताटात पोटातला कर आणखी असतो. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

18 टक्के लागतात ते मोठ्या निवासी हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटला. जिथं आधीच्या आर्थिक वर्षात एखाद्या तरी खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर घेतलं गेलं, किंवा हॉटेलनं स्वतःच तसं जाहीर करून ठेवलंय, तिथल्या जेवणावर 18 टक्के. पूर्वी छापील दरपत्रक बघायचे, 1 एप्रिल 2025 पासून प्रत्यक्ष घेतलेलं भाडं बघतात. अशी हॉटेलं बेळगाव, निपाणी, चिकोडीत फार नाहीत, गोव्याच्या किनाऱ्यावर भरपूर आहेत. म्हणून आपल्याकडच्या माणसाची अशी समजूत होते की गोव्यात जेवणावर कर जास्त. त्याच गावात बाजारपेठेतल्या साध्या हॉटेलात मासळीची थाळी खाल्ली असती तर 5 टक्केच लागले असते.

आणि ज्या बिलावर काहीच कर नव्हता, ते हॉटेल दोनपैकी एका प्रकारचं असणार. एक तर त्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि त्याला नोंदणीची गरज नाही. घरगुती खानावळी बहुतेक यात येतात. नाहीतर ते कंपोझिशन योजनेत आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेलं हॉटेल ही योजना घेऊ शकतं. मग ते आपल्या विक्रीवर 5 टक्के स्वतःच्या खिशातून भरतं, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा अधिकार त्याला नाही. आकड्यात बघा : 200 रुपयांची थाळी साध्या नोंदणीकृत हॉटेलात 210 ला पडेल, त्यात 5 रुपये केंद्राचे आणि 5 राज्याचे. कंपोझिशनवाल्याकडे 200 लाच. मोठ्या हॉटेलात 236 ला. तिन्ही एका गल्लीत असले तरी.

स्विगी-झोमॅटोवरून मागवलं तर 1 जानेवारी 2022 पासून तो 5 टक्के कर ॲपच भरतं, त्यामुळे नोंदणी नसलेल्या खानावळीचं जेवणही ॲपवर कराचं होतं. लग्नाच्या जेवणावर केटररचे साधारण 5 टक्के असतात, मंगल कार्यालयाच्या भाड्यावर 18. दोन्हींची बिलं वेगवेगळी मागून घ्या. सेवाशुल्क म्हणून बिलात काही लावलं असेल तर तो सरकारी कर नव्हे, आणि ते देणं सक्तीचं नाही. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर आजही प्रत्येक राज्याचा आपला उत्पादन शुल्क आणि व्हॅट चालतो. बारमध्ये जेवणाचं आणि दारूचं बिल वेगळं येतं ते त्यामुळे, आणि तिथं राज्या-राज्यांत फरक मोठा आहे. पेट्रोल-डिझेलचंही तसंच.

आता हद्दीचा खरा त्रास ज्यांना होतो, त्या दुकानदारांविषयी.

जीएसटी हा जिथं माल खपतो त्या राज्याचा कर आहे. चंदगडच्या किराणा दुकानदारानं रविवार पेठेतून पाकिटबंद माल उचलला तर बेळगावच्या व्यापाऱ्यानं त्याला एकत्रित कर, म्हणजे आयजीएसटी लावायचा. त्यातला राज्याचा वाटा महाराष्ट्राला जातो. चंदगडचा दुकानदार तो कर आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. पण पेठेतल्या गुमास्त्यानं घाईत नेहमीसारखं केंद्राचा अर्धा आणि कर्नाटकाचा अर्धा असं बिल फाडलं, तर त्या कराचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या नोंदणीवर घेता येत नाही. एकूण टक्का तोच, पैसे तेवढेच दिले, पण ते चंदगडवाल्याला बुडाले. वर्षाअखेर हिशेब जुळवताना हे सापडतं आणि तोवर बिल बदलून घ्यायला उशीर झालेला असतो. म्हणून दुसऱ्या राज्यातून उचल करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की माल गाडीत चढण्याआधी बिलावर आपला 27 नं, म्हणजे महाराष्ट्राच्या अंकानं, सुरू होणारा जीएसटी क्रमांक आणि आयजीएसटी हा शब्द बघा.

हॉटेलच्या जेवणाला हे लागू नाही. जेवण जिथं वाढलं त्या राज्याचा कर, मग खाणारा कोल्हापूरचा असो वा काणकोणचा. कंपनीच्या कामानं आलेल्या माणसानं ते बिल कार्यालयात लावलं तरी जेवणाच्या कराचं क्रेडिट कंपनीला सहसा मिळत नाही.

कंपोझिशनमधल्या किराणा दुकानदाराला हद्द सगळ्यात जास्त अडते. त्याला आपल्या करपात्र विक्रीवर फक्त 1 टक्का भरावा लागतो, हिशेबही सोपा. पण अट अशी की त्यानं राज्याबाहेर विक्री करायची नाही. निपाणीचा असा दुकानदार कागलच्या हॉटेलला तेलाचे डबे पोचवू शकत नाही. एकदाही नाही. गल्ल्यावर येऊन घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाचं काय? 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा म्हणतो की नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला असेल तर तो पत्ता ज्या राज्यातला ते विक्रीचं ठिकाण. पत्ता नसेल तर दुकान जिथं आहे ते. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिल्यासारखं होतं. बिलाच्या संगणकात सवयीनं गिऱ्हाइकाचं राज्य ‘महाराष्ट्र’ भरलं, तर कायद्याच्या अक्षराप्रमाणे ती आंतरराज्य विक्री झाली आणि त्याची योजनाच धोक्यात आली. 50,000 च्या आतल्या किरकोळ बिलावर गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय पत्ता लिहिणं बंधनकारक नाही. सीमेवरच्या दुकानांत बिलाचं सॉफ्टवेअर बसवताना हे आधी ठरवून घ्यावं.

शिनोळी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण महाराष्ट्रात. तिथल्या व्यापाऱ्यानं 70,000 चं तेल गडहिंग्लजला पाठवलं तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद, लागत नाही, कारण महाराष्ट्रात राज्यांतर्गत मर्यादा 1 लाख आहे. तेच तेल बेळगावला पाठवलं तर लागतं, कारण दोन राज्यांमधल्या मालाला मर्यादा 50,000 ची. कर्नाटकात राज्यांतर्गतही 50,000 आहे. सुट्या धान्याला, म्हणजे करमुक्त मालाला, दोन्हीकडे ई-वे बिल लागत नाही. आणि शिनोळीच्या ज्या दुकानाची उलाढाल 40 लाखांच्या आत आहे (फक्त माल विकणाऱ्या दुकानांना मर्यादा 40 लाखांची, हॉटेलांसारखी 20 ची नाही) म्हणून नोंदणी नाही, त्यानं बेळगावला एक पेटी बिस्किटं जरी पोचवली, तरी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होते. बाजार समितीचा सेसही, म्हणजे उपकर, राज्यागणिक वेगळा आहे. तो जीएसटीत नाही, पण घाऊक धान्याच्या भावात तो मिसळलेला असतो. सुट्या तांदळाचा भाव दोन बाजारांत थोडा वेगळा दिसतो, त्यामागच्या कारणांपैकी ते एक.

40 लाखांच्या मर्यादेबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहितो. ही उलाढाल मोजताना करमुक्त मालही धरतात. 37 लाखांचं सुटं धान्य आणि 5 लाखांची साखर-बिस्किटं विकणाऱ्याला वाटतं की आपली कराची विक्री 5 लाखांचीच आहे. पण बेरीज 42 लाख झाली, नोंदणी लागली. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्यानं यूपीआयच्या जमेवरून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, तेव्हा दूध आणि भाजी विकणारेही त्यात सापडले. ज्यांचा माल पूर्ण करमुक्त आहे त्यांच्याकडून कर घेणार नाही, असं पुढे मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. पण मधल्या दिवसांत कितीतरी दुकानांनी क्यूआर कोडचे फलक काढून टाकले होते. त्या माणसांची भीती खरी होती. त्यांच्याकडे विकलेल्या मालाची साधी वहीसुद्धा नव्हती, त्यामुळे जमा झालेले पैसे कशाचे हे दाखवायला हातात काहीच नव्हतं. रोजची एक ओळ, सुटा करमुक्त माल इतका, बाकीचा इतका, एवढी नोंद ठेवली तरी अशा नोटिशीला उत्तर देता येतं.

हद्द ओलांडून काही वाचतं का, याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. करात नाही. भावात वाचत असेल तर ते त्या बाजारातल्या चढाओढीमुळे आणि तुम्ही सुटं घेता की पाकिटातलं यामुळे, त्यातून गाडीचा खर्च वजा करा.

बिल तपासायचं असेल तर आधी 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक बघा. पहिले दोन अंक 29 असतील तर दुकानाची नोंदणी कर्नाटकातली, 27 महाराष्ट्र, 30 गोवा. क्रमांकच नसेल आणि तरीही जीएसटी म्हणून पैसे लावले असतील, तर ते देऊ नका. क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता तो शोधता येतो. तिथं नोंदणी ‘रेग्युलर’ दिसते की ‘कंपोझिशन’ ते वाचा. कंपोझिशन असूनही बिलात 5 टक्के वेगळे लावले असतील तर आधी गल्ल्यावर शांतपणे सांगा. बऱ्याचदा ती बिलाच्या मशीनमधली चूक असते आणि पैसे लगेच परत मिळतात. नाहीच ऐकलं, तर बिलाचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.